काल, काळ आणि कॅपिटल एल

आमच्या गुलबर्ग्याच्या कॉलेजात संगणक आला तो देवासारखा आला. आधी त्याच्यासाठी गाभारा तयार झाला. पदार्थविज्ञानाची एक चांगली चालती प्रयोगशाळा रिकामी करून तिच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या, फरशीवर लाल गालिचा टाकला, भिंतीत थंड हवेचं यंत्र बसवलं आणि दारावर पाटी लावली, की पादत्राणे बाहेर काढावीत. पाटी कानडीत आणि इंग्रजीत होती. मराठी माणसानं बूट घालून जायला हरकत नसावी असा मी तिचा अर्थ लावला होता, पण शिपायानं मला पहिल्याच दिवशी दारात अडवलं.

उद्‌घाटनाला नारळ फोडला तो थेट यंत्राच्या टेबलाच्या पायावर. पाणी वायरींकडं धावलं तसा संगणक चालवायला नेमलेला मनुष्य पांढराफटक पडला आणि स्वतःच्या रुमालानं गालिचा टिपत बसला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण प्राचार्य त्या वेळी पडद्याला कुंकू लावत होते. ते कुंकू पुढं बरेच दिवस पडद्याच्या वरच्या कडेला होतं. ज्याला ते पुसायचं धाडस व्हावं असा एकच माणूस होता, आणि त्याची नोकरी नवी होती.

संगणकाचा पहिला सार्वत्रिक उपयोग उन्हाळ्यात झाला. गुलबर्ग्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला थंड हवेच्या खोलीचं महत्त्व सांगायला नको. दुपारी तास नसले की अर्धं कॉलेज अनवाणी पायांनी त्या खोलीत वर्तमानपत्रं वाचत बसलेलं असे. एक इतिहासाचे प्राध्यापक तर गालिचा गार लागतो म्हणून घरून लोकरीचे मोजे घेऊन येत. विद्येचा आणि यंत्राचा असा संगम चाललेला असताना आमच्या मराठी विभागाच्या प्रमुखांना वाटलं, की आपण मागं राहतोय.

मराठी विभाग म्हणजे लांब व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या. आमच्या भागाची गंमत अशी, की मी जन्मलो निजामाच्या राज्यात, धुळाक्षरं गिरवली हैद्राबाद राज्यात, पदवी घेतली म्हैसूर राज्यात आणि पगार घेत होतो कर्नाटकात, आणि या सगळ्यात आळंदचं आमचं घर जागचं तसूभर हललेलं नाही. अशा ठिकाणी मराठीचा विभाग चालवायचा म्हणजे सतत आपण आहोत हे कुणाला तरी दाखवत राहावं लागतं. प्रमुखांना ते काम मनापासून आवडे. बारा महिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून ते व्हरांड्यातून चालत, आणि कुठलंही वाक्य 'मूलतः' या शब्दानं सुरू करत. चहा गार झालाय हेसुद्धा ते मूलतः सांगत. त्यांनी ठरवलं, की सीमाभागातलं मराठीचं पहिलं संगणकीय संशोधन आपल्या विभागात व्हायचं. स्वतः करायचा प्रश्न नव्हता. त्यासाठी बाई होत्या.

बाई म्हणजे आमच्या विभागातल्या हंगामी प्राध्यापिका. मंठाळच्या, म्हणजे बसवकल्याणकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तो अगदी सुरुवातीच्या लोकांबरोबर. आधी दुसऱ्याच्या रानात राबले आणि मग स्वतःच्या दोन एकरांत. त्यांच्या गल्लीत एम.ए. झालेल्या या पहिल्या. दर जूनमध्ये बाईंना नेमणुकीचा कागद मिळे आणि दर मार्चमध्ये त्याची मुदत संपे. मधल्या उन्हाळ्यात त्यांनी काय खावं याचा विचार कॉलेजनं कधी केला नव्हता. मात्र त्या वर्षी जागा कायम व्हायची होती. अट एकच होती, की उमेदवाराकडं पीएच.डी. हवी, आणि ती पुढच्या जूनच्या आत हवी. बाईंचा प्रबंध जवळजवळ तयार होता. विषय होता सीमाभागातल्या बोलीतले शब्द. मार्गदर्शक अर्थातच प्रमुख. त्यांची सही झाली की प्रबंध विद्यापीठाकडं जाणार, पदवी मिळणार, जागा मिळणार. सही नाही झाली तर मार्चनंतर मंठाळ.

प्रबंधासाठी बाईंनी केलेलं काम खरं होतं. आमच्या इमारतीत तसं काम दुर्मिळ असल्यामुळं मी मुद्दाम नोंदवतोय. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून त्या मंठाळ, राजेश्वर, आळंदच्या आसपासची खेडी फिरल्या होत्या. बाजाराच्या दिवशी गावात कुणी भेटत नाही, म्हणून त्या हमखास बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जात. ओट्यावर, गोठ्यात, पिठाच्या गिरणीत लोकांना बोलतं करत आणि ऐकलेलं जसंच्या तसं उतरवून काढत. कोणता शब्द किती वेळा येतो हे त्या हातानं मोजत होत्या. प्रमुख म्हणाले, हात थांबवा, यंत्र मोजेल.

आता यंत्राला देवनागरी येत नव्हती. जिथं येत होती तिथं ती महाग होती, आणि आमचे पैसे गालिच्यात गेले होते. तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची ठरली. बाईंनी त्याची एक साधी रीत बसवली. लहान टी म्हणजे त, मोठा कॅपिटल टी म्हणजे ट. लहान डी द, मोठा डी ड. लहान एन न, मोठा ण. लहान एल ल आणि मोठा ळ. स्वर लांब असेल तर दोनदा लिहायचा. इतकं सांभाळलं की कुठलाही मराठी शब्द नीट वाचता येतो. बाईंनी दुपारच्या सुट्टीत बसून सगळं बोलणं स्वतः टाइप केलं, कारण संगणक चालवणारा मनुष्य कानडी होता. दख्खनी बोलायचा, मराठी समजायची, पण लिहिता येत नव्हती. बाईंना तो अक्का म्हणायचा आणि वाचनमग्न प्राध्यापकांना खुर्च्या सरकवायला लावून त्यांना जागा करून द्यायचा.

पहिलं पान छापून आलं ते प्रमुखांनी पाहिलं आणि त्यांना धक्का बसला. वाक्यं लहान अक्षरानं सुरू होत होती. गावांची नावंसुद्धा लहान अक्षरानं. बाईंनी सांगून पाहिलं, की मोठं अक्षर आपण दुसऱ्या कामाला लावलंय. प्रमुख म्हणाले, लिपी इंग्रजांची घेतली तर तिचे नियम पाळावेत, उद्या बाहेरचा विद्वान पाहील तर काय म्हणेल. त्यांनी संगणकवाल्याला हुकूम दिला, की प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठं झालं पाहिजे. त्यानं बिचाऱ्यानं केलं. माहिती साठवायच्या चकत्या, म्हणजे फ्लॉप्या, मोजक्याच आणि कुलपात, त्यामुळं जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं गेलं. परिणाम असा झाला, की वाक्याच्या मध्ये आमचा शेतकरी 'तो' म्हणायचा आणि वाक्याच्या सुरुवातीला 'टो'. दुकानदार मध्ये 'नको' म्हणायचा, सुरुवातीला 'णको'. यंत्रानं प्रामाणिकपणे तो वेगळा मोजला आणि टो वेगळा.

हे पाहून संगणकवाला एके दिवशी आमच्या विभागाच्या दारात आला. बाई तासावर होत्या. मी आणि प्रमुख चहा घेत होतो. तो अदबीनं म्हणाला, "सर, केस का फरक रखूं, क्या निकालूं?"

यंत्रवाल्यांच्या भाषेत केस म्हणजे इंग्रजी अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल, एवढंच. पण हे त्या इमारतीत फक्त त्या एका माणसाला ठाऊक होतं. व्याकरणाच्या माणसाला केस म्हटलं की एकच गोष्ट सुचते, विभक्ती. प्रमुखांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. एका यंत्रवाल्याला विभक्तीची जाण आहे, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि प्रथमेपासून संबोधनापर्यंत सगळ्या विभक्त्या ऐकवल्या. घर, घरात, घराला हे मूलतः एकाच शब्दाचे अवतार आहेत आणि यंत्रानं ते एकच मोजावेत, हे त्यांनी आधी मराठीत आणि मग त्यांच्या हिंदीत सांगितलं. संगणकवाला मान हलवत राहिला. शेवटी त्याला हवं होतं तेवढं मिळालं. "केस निकाल दो," प्रमुख म्हणाले. "पूर्णतः निकाल दो."

तो गेल्यावर प्रमुख मला म्हणाले, की या संशोधनाला 'विभक्तिनिरपेक्ष गणना' असं नाव देता येईल.

त्यानं केस काढली. म्हणजे मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच धरून मोजलं. तो आणि टो एक झाले, ते बरं झालं. पण त्याचबरोबर त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे सगळे जन्माचे वेगळे एका घरात आले. घर, घरात आणि घराला मात्र जिथल्या तिथं तीन वेगळ्या ओळींत उभे होते. यादी छापून आली ती सबंध कॅपिटल अक्षरांत. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदाची ती घडी प्रमुखांनी दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी, घेतली.

क्रियापदं आणि सर्वनामं सोडली तर पहिला शब्द होता के, ए, ए, एल. तो काल असेल की काळ, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता. कागद पाहून प्रमुखांना जे कळलं ते आधीपासूनच त्यांच्या आत होतं. त्यांनी वाचलं, काळ. त्याच्या खाली होता एम, ए, एन. त्यांनी वाचलं, मन. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लोक कशाबद्दल बोलतात याचा विचार त्यांनी केला नाही. लोक कालच्याबद्दल बोलतात. काल तुरीला काय भाव लागला, काल मणामागं आडत्यानं किती कापलं. आमच्याकडं कागदावर क्विंटल आला तरी तोंडातून मण जात नव्हता. मला त्या यादीतून आळंदच्या बाजाराची धूळ दिसत होती. प्रमुखांना दर्शनशास्त्र दिसलं.

पंधरवड्यात त्यांनी एक व्याख्यान तयार केलं. सीमावर्ती मराठी माणसाचे काळभान. सभागृहात प्राचार्य होते, मोजेवाले इतिहासकार होते आणि हजेरी लागणार म्हणून मुलं होती. प्रमुख म्हणाले, की राज्यांच्या सीमा बदलताना पाहिलेल्या या माणसाच्या ओठांवर सतत काळ असतो. म्हणाले, की आळंदचा शेतकरी तूर पेरताना काळाचा विचार करतो आणि तूर विकताना मनाचा. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. माझे चुलतभाऊ आळंदच्या बाजारात तूर विकायचे. विकताना ते ज्याचा विचार करत ते काट्यावर घालता येत असे.

बरं, यादीत वरच्या बाजूला व्ही, ए, ए, टी पण होता. तो सगळा 'वाट' होता. गाडीची वाट, पावसाची वाट, नांगराची वाट लागली ती वाट. प्रमुखांनी त्याला वात म्हणून ओळखलं आणि व्याख्यानाच्या शेवटी या भागात संधिवाताचं प्रमाण फार असावं अशी एक बहुमोल शंका व्यक्त केली. वैद्यकशास्त्राशी संवाद, असं त्या परिच्छेदाचं शीर्षक होतं.

बाई सभागृहात मागं बसल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजत असताना त्या उठल्या, यंत्राच्या खोलीत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात आल्या तेव्हा त्यांच्या हातात यादीची सगळी घडी होती. मी तिथंच होतो. शिपाई चहा ठेवून गेला होता.

"सर, पहिला शब्द काळ नाही. काल आहे."

"यंत्र चुकत नाही, बाई."

"यंत्र चुकलंच नाही. त्याला ल आणि ळ एक धरायला सांगितलं, त्यानं धरलं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही. केस काढा म्हणालात."

प्रमुख हसले. केस म्हणजे विभक्ती, हे त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बाईंनी केस म्हणजे कॅपिटल-स्मॉल, हे तितक्याच शांतपणे सांगितलं आणि यादीतल्या घर, घरात, घराला या तीन ओळी बोटानं दाखवल्या. प्रमुखांनी त्या पाहिल्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बिस्किट चहात बुडवलं होतं आणि ते वेळेत बाहेर काढणं गरजेचं होतं.

माणसाला आपली चूक मान्य करायची नसली की तो दुसऱ्याचा उच्चार काढतो. आमच्याकडं ही फार जुनी रीत आहे. प्रमुख खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "आणि समजा तुम्ही म्हणता तसं असलं, तरी मूलतः खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ल काय आणि ळ काय. त्यातून तुमच्या वस्तीत तर..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. न पूर्ण केलेलं वाक्य हा आपला सभ्यपणा आहे अशी त्यांची समजूत होती.

बाई विभागात नेहमी छापील मराठी बोलत. ती त्यांनी कष्टानं कमावली होती आणि कॉलेजच्या आवारात ती अंगावरून उतरू देत नसत. त्या दिवशी ती उतरली.

"आमच्या मंठाळात माळावर म्हशी चरतेत सर, आन् मालावर व्यापारी चरतेत. ह्या दोन्हीत आमचं बारकं लेकरू बी गडबड करत न्हाई. तुमी कामून करायलात?"

ज्या खोलीत त्या बोलीचा अभ्यास चालला होता, त्या खोलीत ती बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

प्रमुखांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. ते लावलेलंच होतं. मग त्यांनी थंडपणे सांगितलं, की 'काळ आणि मन' या नावाचं प्रकरण प्रबंधात असेल तर त्यांची सही असेल. नसेल तर नसेल. जून कुणासाठी थांबत नाही. एवढं बोलून ते तासाला गेले, जो त्या दिवशी नव्हता.

बाई व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मी बाहेर गेलो. त्या मला अण्णा म्हणत. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा राग वेगळ्याच जागी होता. पहिली टेप त्यांनी स्वतःच्या आईची केली होती. "माझी आई टेपमधी म्हणलीय अण्णा, काल मणभर तूर घातली. साधं बोलणं. ह्यांनी त्याचं काय केलं? काळ आन् मन. जित्या बाईला संत करून टाकलं. मी हे माझ्या नावानं छापू?"

मी विचारलं, न छापून मार्चनंतर काय करणार. त्या म्हणाल्या, त्याचाच विचार करायलेय.

मी दुसरा मार्गदर्शक सुचवला. त्याला वर्ष लागलं असतं, आणि जागा वर्षभर रिकामी राहणार नव्हती. प्राचार्यांकडं जा म्हणालो. प्राचार्यांनी काळभानाला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी जे जे सुचवलं ते बाईंनी ऐकून घेतलं, आणि त्यातलं एकही केलं नाही. त्या आधी यंत्राच्या खोलीत गेल्या.

संगणकवाल्याला वाईट वाटत होतं, पण स्वतःच्या बाजूनं तो पक्का होता. "मैं तो पूछ्या था अक्का, सर कू. उनोंच बोले निकाल दो." फरक ठेवून पुन्हा मोजायला त्याला फारसा वेळ लागणार नव्हता. अडचण होती ती प्रमुखांनी वाक्यांच्या सुरुवातीला बसवलेल्या मोठ्या अक्षरांची. जुनं पुसलं गेलं होतं. मग त्यानंच एक प्रश्न विचारला, जो व्याकरण शिकलेल्यांपैकी कुणालाही सुचला नव्हता असं नाही, पण कुणी विचारला नव्हता. मराठीत ण किंवा ळ यांनी सुरू होणारा शब्द असतो का? बाई म्हणाल्या, नसतो. झालं, म्हणजे वाक्यांच्या सुरुवातीची ती दोन आणि ज्यांना जोडी नव्हती ती सगळी मोठी अक्षरं त्यानं यंत्राकडूनच लहान करून घेतली. राहिली त आणि ट, द आणि ड यांनी सुरू होणारी वाक्यं. ती बाईंनी आपल्या हस्तलिखितावरून एकेक पाहून दुरुस्त केली. दुपारी, त्या गार खोलीत, वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या मध्ये बसून. इतिहासाच्या प्राध्यापकांनी एकदा त्यांना मोठेपणानं विचारलं, की यंत्रावर एवढं काय चाललंय. बाई म्हणाल्या, त आणि ट वेगळे करायलेय. ते म्हणाले, वा, आणि पुन्हा क्रिकेटच्या पानाकडं वळले.

नवी यादी लहानमोठ्या अक्षरांसकट छापून आली. काल वर होता. मण त्याच्या मागं होता. वाट जिथं असायला हवी तिथं होती. काळ शोधावा लागला. एका म्हाताऱ्यानं उधळलेल्या बैलाला 'काळ आला मेला' म्हटलं होतं, मुख्यतः तो तेवढ्यापुरताच होता. मन होतं ते 'मनानंच गेला, विचारलं न्हाई' अशा बोलण्यात. सीमावर्ती माणसाचं सगळं दर्शनशास्त्र एका उधळलेल्या बैलापाशी येऊन थांबलं होतं.

आता प्रकरण लिहायचं होतं. एक दिवस बाई हसत विभागात आल्या. मला म्हणाल्या, "अण्णा, सर काय म्हणाले होते? 'काळ आणि मन' या नावाचं प्रकरण असलं पाहिजे. व्हय ना?"

मी म्हटलं, हो.

"त्यात काय असलं पाहिजे ते म्हणाले न्हाईत."

प्रबंध बांधून आला, सोनेरी अक्षरांचा, जाड. प्रमुखांची वाचायची एक पद्धत होती, ती मी अनेक ग्रंथांच्या बाबतीत पाहिली होती. आधी अनुक्रमणिका. मग ऋणनिर्देश, आणि त्यात आपलं नाव कितव्या ओळीत आलंय ते. मग पुस्तक मिटून त्याच्या पाठीवर हात फिरवायचा आणि म्हणायचं, सकस. बाईंनी त्यांचं नाव पहिल्या ओळीत घातलं होतं. अनुक्रमणिकेत बोट फिरवत ते सातव्या प्रकरणापाशी थांबले, 'काळ आणि मन', आणि बाईंकडं पाहून अशी मान हलवली, की जणू हट्टी मूल अखेर जेवलं. त्यांनी सही केली. त्यांची सही फार देखणी होती आणि तिला वेळ लागे. बाई टेबलाच्या पलीकडं हात मागं बांधून उभ्या होत्या. सहीची शाई वाळताच त्यांनी प्रबंध उचलला.

तोंडी परीक्षेला सीमेपलीकडून एक परीक्षक आले. किरकोळ अंगाचे गृहस्थ, सर्दी झालेले, खिशात दोन रुमाल. परीक्षा खुली होती म्हणून आम्ही विभागातले सगळे मागं बसलो. रिवाजाप्रमाणं मार्गदर्शकानं चार शब्द बोलायचे असतात. प्रमुख उभे राहिले आणि त्यांनी काळभानाचं व्याख्यान सबंध दिलं, तूर पेरण्या-विकण्याच्या वाक्यासह. परीक्षक प्रबंध उघडून बसले होते. सुरुवातीला मला वाटलं ते झोपलेत. मग दिसलं, की ते वाचतायत. नंतर कळलं, की त्यांनी तो आधीही वाचला होता. आमच्या भागात परीक्षकाकडून अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

व्याख्यान संपलं. परीक्षकांनी नाक पुसलं आणि बाईंना म्हणाले, की मला एका ठिकाणी जुळवणी होत नाहीये. मग त्यांनी सातव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं.

"'काळ आणि मन हे दोन शब्द या भागातील लोकांच्या बोलण्यात क्वचितच येतात.' तुमचे मार्गदर्शक तर आत्ताच उलट बोलले. यातलं कुणाचं धरू?"

खोलीत थंड हवेचं यंत्र नव्हतं, तरी गारठा जाणवला. बाई उभ्या राहिल्या. "मोजून लिहिलंय सर," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी मोठ्या आणि लहान अक्षराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती एक केली की काय होतं, वेगळी ठेवली की काय होतं, वाक्याचं पहिलं अक्षर कसं निस्तरलं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी टेप केल्यामुळं काल हा शब्द खऱ्यापेक्षा जास्त भरला असण्याची शक्यता आहे, हेसुद्धा. ही शेवटची कबुली त्यांना कुणी मागितली नव्हती. केस काढायचा हुकूम कुणी दिला हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या गणनेत अक्षरभेद गाळला गेला होता. गाळला गेला होता. मराठीतल्या कर्मणी प्रयोगाचा इतका दयाळू वापर मी दुसरा पाहिलेला नाही.

परीक्षकांनी मान फिरवून प्रमुखांकडं पाहिलं. आता प्रमुखांपुढं दोनच रस्ते होते. सही केलेला प्रबंध आपण वाचलेला नाही हे मान्य करायचं, किंवा वाचलाय आणि हेच आपल्याला म्हणायचं होतं असं सांगायचं. पहिल्या रस्त्यानं गेले असते तर बाईंचा प्रबंध तिथंच अडकला असता, कारण मार्गदर्शकच म्हणाला की हे माझ्या संमतीचं नाही, तर परीक्षक काय करणार. बाईंनी हातातली वही मिटून टेबलावर ठेवली.

प्रमुखांनी क्षणभरही वेळ लावला नाही.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "मूलतः मला हेच अभिप्रेत आहे. जे ओठांवर येत नाही तेच खोल असतं. या माणसाचं काळभान इतकं सखोल आहे, की तो काळाचं नावसुद्धा घेत नाही. बाईंनी ते फार मार्मिकपणे पकडलंय. माझ्याच सूचनेवरून."

परीक्षकांनी दुसरा रुमाल काढला. म्हणाले, "तुमचं काय असेल ते असो, प्रबंध बाईंचा आहे. आणि त्यात मोजलेलं दिसतंय." त्यांनी पदवीची शिफारस लिहिली, तिथल्या तिथं, आणि कागद प्रमुखांकडं सरकवला. प्रमुखांनी त्यावरही वेळ घेऊन देखणी सही केली. याही वेळी न वाचता.

जागा बाईंना मिळाली. कागद यायला जून उलटून गेला, पण आला, आणि त्यावर हंगामी हा शब्द नव्हता. प्रमुखांचा लेखही यथावकाश छापून आला, 'अनुच्चारित काळ' या नावानं, आणि त्यात बाईंच्या प्रबंधाचा आधार दिला होता. विभक्तिनिरपेक्ष गणनेबद्दल एक स्वतंत्र टीपही होती. ती अजून कुठं कुठं उद्धृत होते. मी दोनदा पाहिलीय, दोन्ही वेळा आदरानं उद्धृत केलेली.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. बाई खोलीबाहेर आल्या, प्रबंध पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधायला लागल्या. मी म्हटलं, चहा तरी घ्या. त्या म्हणाल्या, "नको अण्णा, बसवकल्याणची गाडी सुटंल. आई मंठाळच्या चौकात येऊन थांबली असंल." आणि झपाझप व्हरांडा ओलांडून गेल्या. आत प्रमुख, कधीच न बोलल्या जाणाऱ्या काळाविषयी, परीक्षकांशी बोलत होते, आणि परीक्षक भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत आपली रेल्वे मिळेल का याचा अंदाज घेत होते.